बुडालेली घटका

"आधी बघू, मग बोलू," असं म्हणत ते समोर असेल ती वस्तू उचलायचे, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचे, नाकाशी न्यायचे आणि जवळ पाणी दिसलं की त्यात टाकून द्यायचे. सुपारी, बिब्बा, बाटलीचं बूच, एकदा तर माझ्या आईची चांदीची कुंकवाची कुयरी. कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी हे. बसले तरी एक गुडघा हलतच असायचा. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्याजवळ बसलं की आपलेही पाय हलायला लागतात.

ते आमच्या गावचे जोशी, आम्हा पोरांचे काका. सेलूहून देवगाव फाट्याकडे जाताना आमचं गाव लागतं. राज्य निजामाचं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावच्या शाळेत मराठीचे मास्तर होते, आणि शाळेसमोरच जोश्यांचं घर. दादांमुळे मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं उर्दूत, तेही परभणीला जाऊन, म्हणून माझी शाळा तिथंच थांबली. पण जे शिकले त्यातलं निम्मं समोरच्या ओट्यावरचं आहे.

शाळा सुटली की आम्ही पोरं त्या ओट्यावर. काका घंगाळात पाणी भरून ठेवायचे आणि लिंबू वर धरायचे.

"तरंगंल का बुडंल?"

"बुडंल!" पोरं ओरडायची.

"आधी बघू, मग बोलू."

लिंबू तरंगायचं. मग काका त्याची साल सोलायचे आणि तेच लिंबू पुन्हा सोडायचे. ते सरळ तळाशी.

"आँ? अंगरखा काढला तर हलकं व्हायला पाहिजे की रे. बुडलं कसं?"

उत्तर मात्र सांगायचे नाहीत. आम्ही विचार करत असायचो तोवर ते उठून दुसरंच काहीतरी आणायला गेलेले असायचे. सालीत हवा कोंडलेली असते, हे मला फार वर्षांनी लोणच्याची लिंबं चिरताना उमगलं, आणि मी विळीवर बसल्या बसल्या एकटीच हसले.

मी लाजाळू. बाकीची पोरं ओरडायची तेव्हा मी तोंडातल्या तोंडात बोलायची. काका माझ्या ओठांकडे बघायचे आणि म्हणायचे, "मास्तरांची पोर बरोबर बोलायलीय, पण घंगाळाला सांगायलीय. आमाला पण सांग की, माय."

एकदा त्यांना अंडं पाहिजे होतं. ब्राह्मणाच्या घरात अंडं! मागच्या गल्लीतल्या चाचीच्या कोंबड्या होत्या, तिच्याकडून त्यांनी उपरण्यात लपवून आणलं आणि तुळशीवृंदावनाच्या मागे ठेवलं. साध्या पाण्यात अंडं बुडालं. मग पाण्यात मीठ घालत गेले, ढवळत गेले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते अंडं हळूहळू वर आलं. आम्ही एवढा गोंधळ केला की काकू आतून धावत आल्या.

"अहो! हे काय? माझं मीठ! आणि माझ्या तुळशीपाशी हे?"

"आधी बघ, मग बोल," काका म्हणाले.

काकूंनी बघितलं. मग म्हणाल्या, "आता अंगण सारवावं लागंल," आणि शेणाला जाता जाता पुन्हा एकदा वळून त्या अंड्याकडे बघितलं.

चाचीला मात्र कोडं पडलं होतं. "खाते भी नहीं, बेचते भी नहीं, ये जोशीजी अंडे का करते क्या जी?" असं ती आईला कुंपणावरून विचारायची.

आता गंमत बघा. ज्या माणसाला पळभर बसवत नाही, त्याच्या नशिबी काम कोणतं, तर बसून राहायचं. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर धरायचे. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. सूर्य बुडताना ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत येत राहतं, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. जोश्यानं तिच्यापाशी बसून राहायचं आणि बुडाली की थाळी वाजवायची. थाळी वाजली की अंतरपाट, अक्षता. म्हणजे अख्खं वऱ्हाड, वाजंत्री, स्वयंपाकी, सगळे त्या वाटीवर अवलंबून.

काका बसायचे तेव्हा उपरणं पाठीमागून घेऊन दोन्ही गुडघ्यांना करकचून बांधायचे. लोकांना वाटे, म्हाताऱ्यासारखं आरामात बसले. आम्हाला ठाऊक होतं, ते स्वतःला बांधून ठेवायचे. तरी हात मोकळे राहायचेच. मग पोरं भोवती जमायची आणि काका वाटीकडे पाठ करून काहीतरी करून दाखवायचे. बघायची गरज नसे. घटका त्यांच्या अंगात मुरलेली होती. बोलता बोलता थांबायचे, वळायचे, आणि ते वळले की वाटी बुडायची. मी कितीतरी लग्नांत हे बघितलं होतं. आम्हाला वाटायचं, वाटीच त्यांची वाट बघते.

माझं लग्न पूर्णेला ठरलं. मुलगा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मी तेव्हा अजून अंगणात चिंचोके खेळत होते. मुहूर्त सूर्य मावळल्यावर एका घटकेचा होता.

त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत गौरीहरापुढे बसले होते. खोलीचं दार मांडवात उघडत होतं आणि दारालगतच काकांचं घंगाळ होतं. मला त्यांची पाठ दिसत होती, ताणलेलं उपरणं दिसत होतं, आणि माझ्या ओट्यावरच्या सगळ्या सोबत्यांची डोकी दिसत होती. मी नवरी, म्हणून मला तिकडे जायचं नव्हतं. गौरीवर तांदूळ टाकता टाकता माझा जीव मात्र तिकडे होता.

वरपक्षाच्या सरबतासाठी सेलूच्या कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरकडून काचेचे पेले मागून आणले होते. काकांनी त्यातला एक उचलला. थाळीत पाणी घेतलं, मधे पणती लावली आणि तिच्यावर पेला पालथा घातला. पणती विझली आणि थाळीतलं पाणी पेल्याच्या आत चढायला लागलं.

"चढलं! पाणी चढलं!" पोरं ओरडली.

मला ते बघायचं होतं. काका हसत होते, मग नेहमीसारखे थांबले आणि वळले.

वाटी तळाशी होती.

आता त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. ते एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी घंगाळात हात घातला आणि वाटी वर काढली. आदल्याच सकाळी काकूंनी ती चिंच लावून लख्ख घासली होती. "मास्तरांची पोर माझ्या हातावर वाढली, तिच्या लग्नात काळं भांडं नको," असं म्हणून. एरवी ती वाटी कुणी घासत नसे.

वरपक्षाचे भटजी जवळच होते. ते वाकून हळूच म्हणाले, "मारा थाळी. कोण बघायलंय?"

"मी बघितलं नाही," काका म्हणाले, "तर मारू कशी?" आणि मोठ्यानं, मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "घटका बुडाली. केव्हा बुडाली ते मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?" माझे सासरे उठले. "तुमी बघत काय होता मग?"

"आमी पाणी बघत होतो!" एक पोरगं आनंदानं म्हणालं.

पुढचं काय सांगू. दादांचा चेहरा, सासऱ्यांचा आवाज, दोन्हीकडच्यांचं पंचांग चाळणं. पंगत खोळंबली होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता जे होईल ते होईल, आणि अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. थाळी काही वाजली नाही.

सासरी माझं नाव पडलं, बुडाल्या घटकेची सून. सासूबाई वाईट नव्हत्या, पण दूध उतू गेलं की, गाय आटली की, पावसात भिंत खचली की त्या वर आढ्याकडे बघून म्हणायच्या, "घटकाच बुडालेली, तिथं काय करणार?" मी ऐकून घ्यायची. मी बोलणाऱ्यांतली नव्हतेच. पण यांना यायला उशीर झाला की मी दार आणि चूल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायची.

आणि काका यायचे. सेलूला पॅसेंजर धरून पूर्णेला उतरायचे. मोठ्या घरच्या लग्नांना आता दुसऱ्या गावचे जोशी येऊ लागले होते, त्यांना वेळच वेळ होता. दारातूनच विचारायचे, "काय माय, सगळं नीट हाय ना?" मी मान हलवायची. तेवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. पाळण्याची दोरी ओढून बघायचे, विहिरीचा रहाट बघायचे, गाईच्या पाठीवरून हात फिरवायचे, खांबाला कान लावायचे.

"आले बघा, नाडी बघायला," सासूबाई आतून म्हणायच्या, त्यांना ऐकू जाईल अशा.

"नाडी नाही वहिनी, आधी बघायलोय. मग बोलीन."

"बोलायचं ते तेव्हाच बोलून बसलात की."

यावर काकांचा गुडघा तेवढा हलायचा.

माझ्या थोरल्याला गोवर निघाला तेव्हा ते दोन दिवस राहिले. तापानं तो किरकिर करत होता. काकांनी तांब्या काठोकाठ भरला, वर पळसाचं पान दाबून धरलं, तांब्या उलटा केला आणि हात काढला. पान तसंच चिकटून राहिलं, पाणी पडेना. पोरगं रडायचं थांबलं. मग काकांनी ते सगळ्या घराला दाखवायचं मनावर घेतलं, आणि सासूबाईंच्या अंथरुणाशी पान सुटलं. पोरगं गोवरातही खदखदून हसलं. सासूबाईंनी ओली वाकळ उन्हात टाकली आणि त्या दिवशी घटकेचं नाव काढलं नाही.

एकदा ते ती वाटीच घेऊन आले. यांना म्हणाले, "जावईबापू, तुमच्या टेशनातलं घड्याळ बरोबर असतं का?"

"गाड्या त्याच्यावर चालतात, काका."

"मग मला तिथं न्या. एक बादली द्या."

भर दुपारी फलाटावर, घड्याळाखाली बादली मांडून दोघं बसले. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. उतारू जमले, पोर्टर जमला, कुणीतरी विचारलं, "ये क्या चल रहा है?" काका म्हणाले, "पहले देखेंगे, बाद में बोलेंगे." आमचे हे हसत हसत मला सांगत होते. पण घरी आल्यावर काका हसले नाहीत. जेवताना भाताचं एक शीत सुद्धा पाण्यात टाकलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले. काय बघितलं ते बोललेच नाहीत. मला कळेना, बघून झालं तर आता बोलायला काय हरकत?

मग रझाकारांचे दिवस आले. ते ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. आमच्या यांनी नोकरी सोडली आणि चारचौघांबरोबर सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले. जाताना म्हणाले, लवकर येतो. त्यानंतर निरोप नाही, काही नाही. गाडी आली की मी खिडकीशी. गाडी गेली की चुलीशी. हातात घेतलेलं काम तसंच राहायचं. भाकरी करपायची. सासूबाई आता बोलत नव्हत्या, आढ्याकडे नुसतं बघायच्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

अशा दिवसांत, जेव्हा कुणी गाव सोडत नव्हतं, काका आले. वाळले होते. दारातून "सगळं नीट हाय ना" विचारलं नाही. परातीत पाणी मागितलं, पिशवीतून वाटी काढली आणि पाण्यावर सोडली. मग उपरणं गुडघ्यांना बांधलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. पोरं अंगणात होती.

"बस माय," ते म्हणाले. "ही बुडेपर्यंत बोलतो."

मी खांबाशी बसले.

"तुझ्या काकूनं त्या दिवशी ही घासली. मी कधी घासत नसतो. आपल्या विहिरीचं पाणी जड. वर्षानुवर्षं भोकात क्षार धरला होता. भोक बारीक झालं, वाटी सावकाश बुडायला लागली, आणि माझं अंग त्याच चालीला लागलं. चिंचेनं क्षार निघाला. वाटी खऱ्या वेळेला बुडाली आणि मी माझ्या सवयीनं उशिरा वळलो. टेशनावर बघितलं मी. घासलेली वाटी घड्याळाला धरून चालती."

मला पुरतं समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे आधीची लग्नं..."

"सगळी चुकली. पाटलाच्या पोरींची, दुकानदाराच्या पोराची, माझ्या पुतण्याचं. सगळ्यांना मी थाळी वाजवून चुकीच्या वेळेला उभं केलं. त्यातली नांदली ती नांदली, मोडली ती मोडली. इतक्या वर्षांत एकच घटका बरोबर भरली, तुझी. आणि तीच मी चुकवली." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "गावात बोलू नकोस. अर्धं गाव पुन्हा बोहल्यावर चढंल. आणि काकूला तर अजिबात नको."

वाटी अर्धी भरली होती. तिच्या काठाशी पाणी थरथरत होतं.

"मग याचा अर्थ मुहूर्ताला काही अर्थ नाही, असंच ना?" ते म्हणाले. "डोकं म्हणतं, नाही. पण मी जोशी हाय, माय. बाप जोशी, आजा जोशी. जावई गेल्याचं ऐकलं आणि हात आपोआप पंचांगाकडं गेला. तेव्हापासून बसवत नाही मला. चालत सुटतो. फाट्यापर्यंत जातो, परत येतो. भटजी म्हणाला होता, मारा थाळी. मारली असती तर कुणाला कळलं असतं? तुला एवढं ऐकावं तरी लागलं नसतं."

मी आयुष्यात काकांशी एक पुरतं वाक्य बोलले नव्हते. मान हलवायची, ओठ हलवायचे, एवढंच. त्या दिवशी बोलले. माझाच आवाज मला परका वाटला.

"तुमी थाळी मारली असती, तर मला तुमचं काहीच खरं वाटलं नसतं काका. ते लिंबू पण नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा गुडघा थांबला होता. मी पहिल्यांदाच तो थांबलेला बघितला. तेवढ्यात वाटीनं गटकन घोट घेतला आणि ती तळाला गेली. आम्ही दोघांनी ती बुडताना बघितली.

निघताना दारात म्हणाले, "जावई आले की सांगायला ये. तूच ये. कुणाच्या हाती निरोप नको."

"आणि नाही आले तर?" मी विचारलं.

"आधी बघू," ते म्हणाले, आणि पुढचं म्हणालेच नाहीत.

हे आले. निजामाचं राज्य गेलं त्यानंतर थोड्या दिवसांनी, दाढी वाढलेली, पायाला जखम, पण चालत आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि देवापुढे जाऊन खूप वेळ बसल्या. मी म्हणाले, मला माहेरी जायचंय, आत्ता. हे म्हणाले, पाय तर बरा होऊ दे. पण मला धीर नव्हता. लंगडणाऱ्या यांना तसंच गाडीत बसवलं. सेलूपासून बैलगाडी केली. वाटेत फाट्याला प्रत्येक चालणाऱ्या माणसाकडे मी बघत होते, काका असतील म्हणून.

जोश्यांच्या ओट्यावर कुणी नव्हतं. घंगाळ पालथं होतं. काकू बाहेर आल्या आणि त्यांचं कपाळ बघून मला कळलं.

"श्रावणात गेले," काकू म्हणाल्या. "दोन दिवस ताप. तापातही अंथरुणात बसंनात. सारखं विचारायचे, मास्तरांची पोर आली का?"

मी यांच्याकडे बघितलं. हे काही न समजून दारात उभे होते, एका पायावर भार देऊन.

वाटी खुंटीला अडकवलेली होती. मी ती मागितली. काकूंनी काढून पदरानं पुसली. "काळी पडलीय गं. घासू देत नव्हते मला, तुझ्या लग्नापासून. का ते कधी सांगितलं नाही. चिंच लावू का जरा?"

"लावा, काकू," मी म्हणाले.

त्यांनी चिंच लावली, राख लावली, लख्ख केली. मी घंगाळ सुलटं करून भरलं. सूर्य फाट्याकडच्या बाभळींमागे टेकला होता. वाटी पाण्यावर सोडली आणि आम्ही तिघं बसलो. काकू उंबऱ्यात, हे खांबाला टेकून पाय लांब करून, मी घंगाळाशी. माझा गुडघा हलत होता. शाळेच्या अंगणात खेळणारी दोन-चार पोरं आली आणि काय चाललंय म्हणून मागे उभी राहिली. मी वाटीवरून नजर काढली नाही.

ती बुडाली तेव्हा आतून कुणी हाक मारल्यासारख्या काकू उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी फळीवरची, माझ्या लग्नात वाजायची राहिलेली थाळी काढली आणि वाजवली.